आपोआप लागणारा फोन

४ जून, सकाळी १०:०४:१७
ऑफिसात कॉम्प्युटर चार, मोडेम एक. कुठल्याही मशीनने बाहेरचं काही मागितलं की मोडेम आपोआप फोन लावतो आणि मीटर पळायला लागतं. कुणीतरी विनाकारण मागतंय. बिल पाहून मालक लालबुंद. म्हणाले, छडा लाव, तुला सिस्टिम इन्चार्ज करतो. बारा वर्षं साधा क्लार्क! दोन दिवसांत लावतो छडा.

७ जून, सकाळी ११:४०:०२
फालतू मागण्या अडवायला तीन नियम टाकले. मोडेम तरी फोन लावत किरकिरतोच. नियम बरोबर आहेत. मोडेम अडाणी आहे.

९ जून, दुपारी २:०५:५१
सापडलं! जेवणाच्या सुट्टीतही फोन लागतो. तेव्हा आत कोण असतं? टायपिस्ट बाई. डबा टेबलावरच खातात. शिवाय त्यांचा भाऊ परदेशात. आणखी काय पुरावा हवा?

१० जून, सायं. ५:३०:०८
मालकांच्या नुसतं कानावर घातलं. आरोप केला नाही. बाई म्हणाल्या, खरकट्या हाताने मी मशीनला शिवतसुद्धा नाही. मालकांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. शिपाई मला म्हणाला, बाईंचा नवरा घरी बसून आहे, ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. त्याचा इथे काय संबंध?

११ जून, दुपारी १२:१०:३३
बाई नाहीत, त्यांचं मशीन बंद. तरी मोडेम किरकिरला. दहा मिनिटांनी पुन्हा. एकेक मशीनची वायर काढत गेलो. शेवटची काढली तेव्हा गप्प झाला. शेवटचं मशीन माझं.
माझं घड्याळ दर दहा मिनिटांनी इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतं. मीच लावलं होतं. सेकंदाची चूक मला खपत नाही. ते बंद केलं. मालक बाहेरगावी. सोमवारी सगळं सांगणार. अगदी स्पष्ट.

१४ जून, अकराच्या सुमारास
मी तोंड उघडायच्या आत मालकांनी पाठ थोपटली. म्हणाले, बघ, बाई गेली आणि मोडेम गप्प! इन्चार्जची ऑर्डर टाइप करायला मलाच बसवलं. टायपिस्ट नाही ना. आज सांगणं बरं दिसलं नसतं.

१६ जून, दुपार
बाईंचा नवरा अनुभवाचा दाखला न्यायला आला. टाइप मीच केला. मालकांनी 'प्रामाणिक' शब्द काढायला लावला. काढला. नवऱ्याने उभ्या उभ्या वाचला. हळूच विचारलं, साहेब, यात 'प्रामाणिक' लिहितात ना? म्हटलं, फॉरमॅट बदललाय. तो थँक्यू म्हणाला.
दाखल्यावर सही माझी. खाली नवा हुद्दा.