ह्यांचा डावा डोळा

३ डिसें. २००५, शनि. कळंब
संजू आला. बरोबर चाकणच्या कंपनीतले दोघे मित्र. तिघांकडे चक्रीवाल्या लांब काठ्या आणि डबाभर प्लॅस्टिकचे मासे. गांडूळ नाही, कणीक नाही. हा नकली मासा लांब फेकायचा आणि ओढत आणायचा, मोठा मासा फसून धरतो म्हणे. प्रत्येकाच्या पोटाखाली नि शेपटीला तीन-तीन टोकांचे गळ. उद्या डिंभ्याच्या धरणात होडी ठरवलीय, बेटापर्यंत. "ताई, तू बी चल. नुस्तं घर आन् बालवाडी." हे लगेच तयार. दुकानात पाणीपंपाच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं भरायच्या पडल्यात, तरी. मला पाण्याची भीती वाटते. बोलले नाही.

४ डिसें.
मंचर, सरकारी दवाखाना. व्हरांड्यात. पुण्याला न्यायला सांगितलंय. संजू गाडी वळवून आणतोय. ह्यांचा डोळा

५ डिसें., सोम. पुणे
पहाटे ऑपरेशन झालं. हे गुंगीत आहेत. लिहून काढते, डोक्यात सारखं तेच फिरतंय.

काल सकाळी होडीत सहा जण होतो. आम्ही दोघं, संजू, त्याचे मित्र आणि होडीवाले कोंडीभाऊ. बेटाजवळ पाण्यात बुडालेली जुनी झाडं आहेत, तिथंच मासा बसतो म्हणून कोंडीभाऊंनी इंजिन बंद केलं. तिघं उभे राहून फेकायला लागले. माझ्या डोक्यावरून ते मासे सूं करत जायचे. मी दोनदा म्हटलं, बसून फेका की. हसले सगळे. हे पण.

मग संजूचा मासा पाण्यातल्या खोडाला अडकला. त्यानं काठी वाकेपर्यंत ओढली. हे त्याच्या मागं फळीवर बसलेले, तोंड त्याच्याकडं. म्हणत होते, "सोड रं, तुटंल." तेवढ्यात सुटला आणि दोरीसकट उलटा आला.

हे ओरडलेसुद्धा नाहीत. नुसते "ए" म्हणाले. बघते तर तो चंदेरी मासा ह्यांच्या डाव्या डोळ्याला लोंबतोय.

संजू काढायला धावला, मी त्याचा हात दाबून धरला. कोणी शिकवलं नव्हतं, पण ओढलं तर डोळाच बाहेर येईल असं वाटलं. कोंडीभाऊंनी दोरी कापली. आता नुसता मासा राहिला. त्याच्या वजनानं गळ खाली ओढायचा, म्हणून मी तो तळहातावर झेलून धरला. होडी हलली की माझा हात हलायचा, हात हलला की हे दात आवळायचे.

इंजिन चालू केलं आणि दोन मिनिटांत बंद. पंख्यात कुणाचं तरी जाळं गुंतलं होतं. कोंडीभाऊ कोयता घेऊन पाण्यात उतरले. "ताई, घाबरू नगा, आत्ता मोकळं व्हतंय," म्हणत होते, पण त्यांचाच आवाज कापत होता. काठ समोर दिसतोय, माणसं धुणं धुताना दिसतायत, आणि आम्ही जागच्या जागी गोल फिरतोय. ह्यांच्या गालावरून पाण्यासारखं काहीतरी आलं. रक्त नव्हतं. त्याची जास्त भीती वाटली. मी मनात बुद्धं सरणं चालू केलं, पुढची ओळ आठवेना.

जाळं सुटलं, काठाला लागलो, तर घोडेगावपर्यंतचा रस्ता सगळा खड्ड्यांचा. तो मासा मंचरपर्यंत माझ्याच हातात. तिथं त्यांनी वरून कागदाचा पेला चिकटवला, तेव्हा हात सोडला. बोटं उघडेनात.

६ डिसें.
आज दादरला चैत्यभूमीला जायचं होतं. वस्तीतली सगळी गेली असतील. इथंच खिडकीकडं बघून हात जोडले.
डॉ. म्हणाल्या, बुबुळ शिवलंय, आतलं नुकसान बरंच आहे. आत्ता काही सांगता येत नाही.
संजू रात्रभर खाली जिन्यात बसलेला. वर यायला तयार नाही.

८ डिसें., गुरु.
घरी सोडलं. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला. आत आल्यावर मला एकटीला म्हणाल्या, "तुझ्या भावानं माझ्या पोराचा डोळा नेला." खरंच आहे आणि खरं नाही पण.
हे ऐकत होते. म्हणाले, "आये, मीच गेल्तो व्हडीत. मला कुणी बांधून न्हेलं न्हाई."

१२ डिसें., सोम.
तपासणी. डॉ.नी डोळ्यावर बॅटरी मारली. "उजेड कळतो?" हे गप्प. "परत सांगा." गप्प.

मग मला बाहेर बोलावलं. असा फाटलेला डोळा तसाच ठेवला तर कधी कधी चांगल्या डोळ्यालाही सूज येते. फार कमी लोकांना होतं, पण झालं तर दोन्ही जाऊ शकतात. डाव्यात अजिबात उजेड नसेल तर तो काढून टाकलेला बरा, आणि ते लवकर. शुक्रवारी पुन्हा बघू, तोवर घरी बॅटरीनं तपासत राहा, उजवा लाल झाला तर लगेच या.

एसटीत ह्यांना सांगितलं. खेड आल्यावर म्हणाले, "बारीक तार एका डोळ्यानं गुंडाळंल मी. पण खोबण घिऊन दुकानात बसायचं..."

१३ डिसें.
सकाळी उठल्यावर पहिलं काम, ह्यांचा उजवा डोळा बघणं. लाल वाटला. चुलीचा धूर होता. तासाभरानं साफ.
दिवसभर तेच. हे दवाखान्यातनं मिळालेला काळा चष्मा पुसतात तरी माझं लक्ष.

१४ डिसें., बुध.
संजूचा फोन, शेजारच्या बूथवर. "ताई, माझा डोळा काढून दाजीला बसवत्यात का, इचार ना डॉक्टरला." तसं होत नाही म्हटलं. रडायला लागला. मी पण रडले, बूथवाला बघत होता. दाजी बोलवत्यात तुला, ये, असं सांगितलं. ह्यांनी तसं म्हटलेलं नाही.

१५ डिसें., गुरु.
संजू आला. अंगणातच उभा. हे उठून गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जयभीम राव. चा घ्या." एवढंच. सासूबाईंनी चहा ठेवला पण बाहेर आल्या नाहीत.

दिवेलागणीला पडदा ओढून तपासलं. मी ह्यांचा उजवा डोळा तळहातानं झाकला, दुसऱ्या हातात बॅटरी.
"आता?"
"दिसतोय. उजेड दिसतोय, शोभा. कडंला, नाकाच्या बाजूला."
ह्यांचं तोंड एवढं खुललं. उठले, आईला सांगायला गेले. संजूनं त्यांना मिठी मारली.
मी तिथंच बसून राहिले. बॅटरी मी अजून लावलीच नव्हती.

१६ डिसें., शुक्र. पुणे
रात्रभर विचार केला. माझ्या बोटांच्या फटीतून उजव्याला दिवा दिसला असेल. किंवा डोळ्याला नुसतं वाटलं असेल. किंवा काही दिसत नाही हे ह्यांना माहीत आहे.

पहाटे पुन्हा तपासायला गेले तर म्हणाले, "काल झालं की. रोज रोज कशाला."

आता दवाखान्यात बाकावर. गर्दी आहे. हे आज इस्त्रीचा शर्ट घालून आलेत. मघाशी म्हणाले, "डॉक्टरनी इचारलं तर तूच सांग. माझ्यापेक्षा तुझ्यावर त्यांचा इस्वास बसंल."
मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.
उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक बारीक लाल शीर दिसतेय. काल होती का, आठवत नाही. प्रवासानं असेल.
आमच्या आधीचा माणूस बाहेर आला. ह्यांचं नाव घेतलं. हे उठलेत, माझा हात धरून