सोप्याचं अवघड

थॉर्नगिल, यॉर्कशर
६ सप्टेंबर १९३६

प्रिय ऑब्री यास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या समानार्थी शब्दांच्या कोशात 'सोपं ते अवघड करणे' याच एका अर्थाचे इंग्रजी शब्द पानंच्या पानं भरून निघालेत, हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, एवढे शब्द लागतात म्हणजे आपली माणसं दुसरं काही करत नसावीत.

आता माझी बातमी. सेथ गार्बटने मला मागणी घातली आहे. तोच, कुरणांच्या दगडी भिंती रचणारा. हसू नकोस, सत्तेचाळिसाव्या वर्षी मागणी आली म्हणून मीच पोटभर हसून घेतलं आहे. जानेवारीत तो न्यूझीलंडला, भावाच्या शेतावर, कायमचा जातोय आणि मला त्याच्याबरोबर जायचं आहे. प्रश्न फक्त बाबांचा. तू त्यांना तुझ्याकडे ठेवून घेशील का? तुझ्या घरमालकीण मिसेस टिडमार्श उन्हाळ्यात मला आपणहून म्हणाल्या होत्या की त्यांची खालची खोली रिकामीच असते. बाबांची ना नाही. तुला जमत नसेल तर त्यांनाही जहाजावर घेऊ, असं सेथ म्हणतो. जास्तीची जागा त्याने ऑक्टोबरअखेरपर्यंत राखून ठेवली आहे. पण या वयात इतका समुद्र नको, म्हणून आधी तुला विचारते.

हो किंवा नाही, एवढंच कळव. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
हेस्टर


ऑक्सफर्ड
२१ सप्टेंबर १९३६

प्रिय हेटी हिस,
अनेक आशीर्वाद.

वाचून फार आनंद झाला. सेथ भला माणूस आहे. 'हो' लिहायला मी लेखणी उचललीही होती, पण मग वाटलं, अशा गोष्टी चारी बाजूंनी पाहाव्यात. बाबांची ना नाही म्हणजे त्यांना यायचंच आहे, की तुझं मन मोडवत नाही म्हणून ते गप्प आहेत? मिसेस टिडमार्श खोली देते म्हणाल्या. पण आपल्याकडच्या बायका दात काढायला जातानाही आनंदाने जाते म्हणतात. शिवाय खोली उत्तरेकडची, बिनउन्हाची. डॉक्टरांचं मत घेतलंस का?

मी नेमका त्याच शब्दांत अडकलो आहे. कॉम्प्लिकेट म्हणजे गुंता वाढवणं आणि ॲग्रव्हेट म्हणजे असलेलं दुखणं चिघळवणं. लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात आणि माझी झोप उडते. हा भाग हातावेगळा झाला की शांतपणे ठरवू. मी नाही म्हणत नाही, हे मात्र लक्षात ठेव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ,
ऑब्री


थॉर्नगिल
८ ऑक्टोबर १९३६

प्रिय ऑब्री यास,
स. न. वि. वि.

बाबांना यायचं आहे. त्यांनी ट्रंकही पुसून ठेवली आहे. डॉक्टर म्हणतात, उत्तरेकडच्या खोलीने आजवर कुणी दगावलेलं त्यांनी पाहिलं नाही. मिसेस टिडमार्शच्या मनात काय आहे ते त्यांना विचार, तू त्यांच्याच घरात राहतोस. अजून काही फाटे फोडायचे असतील तर एकदमच फोड, म्हणजे मी एकाच टपालात सगळे निस्तरते.

त्यापेक्षा इकडेच ये ना. रविवारी जेवायला ये, सेथला भेट, आणि जाताना हो म्हणून जा. तो काही विचारत नाही, पण रोज पोस्टमनच्या वेळेला बरोबर आमच्याच भिंतीचं काम काढतो.

वाट पाहते. जीव आहे तसा असू दे.

हेस्टर


ऑक्सफर्ड
४ नोव्हेंबर १९३६

प्रिय हेटी हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारचं भाजलेलं मटण आणि तुझं पुडिंग अजून जिभेवर आहे. जेवणानंतर सेथबरोबर टेकडीपर्यंत चालून आलो, ते फार बरं झालं. त्याच्यावर कसलंही दडपण येणार नाही अशा बेताने बोललो. एवढंच म्हणालो की हेटीचा स्वभाव असा की ती कुणाचं मन मोडणार नाही; या वयात मुळं उपटणं सोपं नसतं; आणि त्याला पुढे जाऊन, बस्तान बसवून मग पाहू असं वाटलं, तर आमच्यापैकी कुणी त्याला तिळभरही नावं ठेवणार नाही. तो बरं म्हणाला. समजूतदार आहे. म्हणजे आता आपल्याला विचाराला सवड मिळाली.

बाबांना नमस्कार. आठवण ठेव.

ऑब्री


थॉर्नगिल
२९ नोव्हेंबर १९३६

ऑब्री,

सेथ गेला. लवकरच्या जहाजावर जागा मिळाली म्हणून मंगळवारीच गेला. जाण्याआधी दारात आला, टोपी हातात धरून उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, तुझ्या भावाने फार सभ्यपणे सांगितलं. शिकलेली माणसं नको हे तोंडावर म्हणत नाहीत, एवढं त्याला कळतं. माझंच मन नाही आणि घरचे माझ्या वतीने बोलले, असं तो धरून चालला होता. तसं नाही, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. त्यावर त्याने विचारलं की मग दोन महिन्यांत भावाकडून एक हो का आला नाही.

बाबांची जागा तर ऑक्टोबरअखेरीसच गेली. तू नाही म्हणाला असतास तर आम्ही तिघं जानेवारीच्या जहाजावर असतो. हो म्हणाला असतास तर दोघं. तू दोन्ही म्हणाला नाहीस, आणि मी तुझ्या भिडेखातर थांबले. मला तुझा राग येतो. झोपताना येतो आणि उठल्यावरही असतोच. माझं सगळं बिघडवलंस तू.

हेस्टर


ऑक्सफर्ड
६ डिसेंबर १९३६

प्रिय हेटी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राने मला अतोनात दुःख झालं. तरी 'बिघडवलंस' हा शब्द न्यायाचा नाही. बिघडवण्यात हेतू असतो. माझ्याकडून झाला तो फार तर विलंब, आणि तोही काळजीपोटी. सेथने जे ऐकलं ते मी म्हणालोच नव्हतो. शांत झालीस की तुलाही पटेल. बाबांचं म्हणशील तर आता घाई उरली नाही, हे एका अर्थी बरंच झालं. उन्हाळ्यात सावकाश बोलू.

राग सोड, माया धर.

ऑब्री


थॉर्नगिल
१२ डिसेंबर १९३६

ऑब्री,

बाबा मंगळवारी दुपारच्या गाडीने ऑक्सफर्डला पोचतील. इथल्या चर्चच्या पाद्रीबुवांची बहीण त्याच गाडीने येते आहे, ती त्यांना उतरवून घेईल. तू स्टेशनवर ये. मिसेस टिडमार्शना मी थेट लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं की खोली तयार आहे आणि हे आधीच का नाही विचारलं. बाबा लापशीत मीठ घालतात, साखर नाही. दिवेलागणीला त्यांना एकटं ठेवू नकोस, ते घाबरतात आणि सांगत नाहीत.

मी स्कारबरोजवळच्या एका मुलींच्या शाळेत स्वयंपाकाचं काम धरलं आहे. सेथचा पत्ता माझ्याकडे नाही. दारात तो उभा होता तेव्हा मागायचं सुचलं नाही.

या वेळी मी विचारत नाहीये, कळवते आहे. एवढंच करायचं होतं. सप्टेंबरातही एवढंच करायचं होतं.

माझ्यावर लोभ ठेव असं लिहायला हात उचलत नाही. बाबांवर ठेव.

हेस्टर