तुझ्या मोबाइलमधले खेळ

प्रिय विमल,

उशिरा लिहितो आहे, माफ कर. तू जाऊन पाच महिने झाले. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचा हात पत्राला लवकर उचलत नाही. जन्मभर तुला 'अगं' म्हणूनच हाक मारली; वर तुझं नाव लिहितानाच घाम फुटला. पण आज दुपारी असं काही कळलं की लिहायलाच बसलो. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

तुझा मोबाइल सूनबाईने मला दिला. योगिता म्हणाली, "आप्पा, तुमचं ते डबडं टाका आता. आईंचा वापरा." उघडला आणि हादरलोच. अगं, त्यात पाच-पाच खेळ! तू खेळत होतीस? मला वाटायचं, भजनं ऐकतेस!

तो रंगीत गोळ्यांचा आधी लावून बघितला. तू सातशे बाराव्या पायरीवर होतीस. सातशे बारा! मी अजून तिथेच अडकलो आहे. कारखान्यात लूमवर तुटलेला धागा मला चार हातांवरून दिसायचा, पण लाल गोळीशेजारची लाल गोळी दिसत नाही.

मग तुझं शेत. कोबी तीन मिनिटांत तयार! हे काय बी-बियाणं म्हणायचं? कोंबड्यांना दाणे टाकले नाहीत तर त्या मान फिरवून बसतात. रोज सकाळी तोंड धुण्याआधी त्यांनाच बघतो. उगाच घोर लावून गेलीस जिवाला.

बस चालवायचा खेळ तर विचारू नकोस. ज्याने सायकलपलीकडे काही चालवलं नाही, त्याच्या हातात बस! पहिल्याच चौकात लाल सिग्नल तोडला, फुटपाथवर चढलो, एका दुकानात घुसलो. दोन दिवस दाराकडे डोळे लावून होतो. शेवटी योगिताला विचारलं, "पोलिसांचा दंडाचा मेमो घरी येईल का गं? फोन तुझ्या सासूच्या नावावर आहे. गेलेल्या बाईच्या नावावर मेमो म्हणजे..."

ती हसता हसता खालीच बसली. "आप्पा, गेम शे तो! मेमो कसाना येई? आणि आपल्या इथे पर्वत पाटियाला तर खरे ड्रायव्हर पण तुमच्यासारखेच चालवतात."

आणि तो बंदुकीचा खेळ! तो कशाला घेतलास गं? आत गेलो नाही तोच कुणीतरी मला मारलं. मी आडवा पडलो. समोर पाच, चार, तीन असे आकडे आले आणि मी पुन्हा उभा! ताबडतोब बंद केला. असं दाखवू नये माणसाला.

पण या सगळ्याला लुडोने मागे टाकलं.

चार वाजले की 'उषा, नंदुरबार' असं नाव यायचं आणि खेळायचं का विचारायचं. मला वाटलं, मशीनच आहे. खेळलो. तिच्या दोन सोंगट्या मारल्या. तर खाली अक्षरं उमटली. एकेक अक्षर लावून वाचलं: "ताई, आज सोंगटी मारली? तुम्ही कधीच मारत नाही!" मग लगेच: "इतके महिने कुठे होता? तब्येत बरी आहे ना?"

मी घाबरलो. काहीतरी दाबायला गेलो आणि बोट हसऱ्या तोंडावर पडलं. तू गेलेली, आणि मी हसरं तोंड पाठवलं!

तुझ्या मातीच्या दिवशी मी स्वतः वही घेऊन बसलो होतो. गावाकडच्या शिरपूरपासून इथल्या बमरोलीपर्यंत एकेकाला फोन लावला. आपल्यात सांगावा चुकला तर आयुष्यभर बोल लागतो. एकही घर सुटलं नाही, असं मी छाती ठोकून सांगायचो. आणि ही बाई राहिली! पण मला कुठे माहीत होती? तू एकदा तरी नाव काढायचं होतंस.

दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. सांगितलं नाही. अकरा दिवस तुझ्या नावाने खेळलो. खरं लिहितो, विमल. चार वाजता "ताई, आलात का?" असं ती विचारायची. सगळ्या घरांत तू गेली होतीस, त्या एका घरात अजून होतीस. तिथला दिवा मी कसा विझवणार होतो?

आज तिने लिहिलं, "ताई, दिवाळीनंतर लेकीकडे, तुमच्याजवळच उधन्याला येते आहे. तुम्हाला भेटायला येऊ?"

आता काय करायचं? शेवटी लिहिलं, "मी त्यांचा नवरा. विमल गेली."

डाव तसाच राहिला. मग आलं, "काका, ताईंच्या दुःखाला दारावर येते." आणि त्याखाली: "ताई सांगायच्या, हे शेजारीच बसतात, कोणती सोंगटी चालवू ते हेच सांगतात. आता तुम्ही एकटेच बसता का?"

मी? विमल, मी? मी तर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचो. चार वाजता "चहा टाक" एवढंच म्हणायचो, आणि तू उठायचीस. अर्धा डाव टाकून उठायचीस का? परक्या बाईला असं का सांगितलंस? मला हाक मारायचीस. मी आलो असतो. आलो असतो ना?

मी तिला "हो" लिहिलं.

आता वचन देतो. ती आली की तिला आत बसवेन, चहा मी स्वतः करेन, आणि तुझा शब्द खोटा पडू देणार नाही. पण ती विचारणारच, ताईंना तुम्ही काय सांगायचात? मी तोंड उघडून काय बोलू? मी शेजारी बसून तुला काय काय सांगायचो, ते तुलाच ठाऊक आहे. स्वप्नात ये, कसंही कर. दिवाळी जवळ आली आहे. लवकर कळव.

तुझा,
भिकन