फ्रेंच कायदा, माझ्या इंग्रजीत

५ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. अल वक्रा, कतार.
ठरलं. फ्रेंचांचा अख्खा सिव्हिल कोड मी सोप्या इंग्रजीत आणणार. दोनशे वर्षं इंग्रजी वाचणारे ताटकळलेत आणि एकाही बॅरिस्टरला हे जमू नये! वकिलांचं काय जातंय, अवघड ठेवलं तरच त्यांचं दुकान चालतं.

पुस्तक हाताशी आहे. कंपनीतला एक फ्रेंच इंजिनीअर कायमचा मायदेशी गेला, तेव्हा ड्रॉवर आवरताना देऊन गेला. लाल, जाडजूड, २००९ची आवृत्ती. शफीक म्हणाला, मुनाफभाई, जुनं आहे हो. कायदा म्हणजे काय दूध आहे नासायला? शफीक शेजारच्या टेबलावर ड्रॉइंग्जना नंबर घालतो. तेवढीच त्याची झेप. मीही तेच करतो, पण मनाने नाही.

वेस्ट बेचं आमचं काम ऑक्टोबरअखेर खलास. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि रुकैया बारावीत. बोर्डाच्या तोंडावर पोरीला उचलून खेडला न्यायचं का, या काळजीने साजिदा वाळत चाललीय. मी निवांत. आमच्या लीगलच्या मादाम मीटिंगमध्ये म्हणाल्या होत्या, फ्रेंच कलमं इंग्रजीत नीट समजावणारं कुणीतरी हवं. बघत माझ्याकडेच होत्या. मी प्रोजेक्टरच्या शेजारी बसलो होतो, पण पडदा दुसऱ्या बाजूला होता.

७ सप्टेंबर, रविवार.
पद्धत बसली. मोबाईलचा कॅमेरा पानावर धरायचा, जे इंग्रजी उमटेल त्याला मी वळण लावायचं. फ्रेंच येत नाही हा फायदाच. येणारे त्यातच गुंतून पडतात.
रुकैया म्हणे, ‘अब्बा, इट्स ऑलरेडी ऑनलाइन. फ्री.’ फुकट मिळतं ते काय लायकीचं असणार! या पिढीला मेहनत म्हणजे काय ते माहीतच नाही.

१० सप्टेंबर.
भाडेकरूंचं प्रकरण. कलम १७२८: जागा ‘चांगल्या कुटुंबप्रमुखाप्रमाणे’ वापरावी. वा! साजिदाला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, पॅरिसमध्ये बसून कुणीतरी माझीच तसबीर काढलीय. ती म्हणाली, एसीचा फिल्टर रमजानपासून साफ व्हायचाय.
रसिकता नाही.

१४ सप्टेंबर, रविवार.
एचआरच्या सोनमचा मेल. अल रय्यानच्या साइटवर डॉक्युमेंट कंट्रोलर, दोन वर्षांसाठी. गुरुवारपर्यंत उत्तर द्या. म्हणजे पत्र्याच्या केबिनमध्ये बसून पुन्हा नंबर घालायचे! आणि हे कुणाला, तर उद्याच्या लीगल कन्सल्टंटला. साजिदाचं एकच, आधी हो म्हणून टाका, मग काय ते कोड-बीड करा. म्हटलं, इन्शाल्ला.

१८ सप्टेंबर, गुरुवार. दुपार.
साजिदाचे सकाळपासून फोनवर फोन. उत्तर दिलंत का, उत्तर दिलंत का. अडाणी घाई. कंपनी फ्रेंच, म्हणजे कायदाही फ्रेंचच लागणार. करारांचं सगळं प्रकरण पुन्हा चाळलं. ऑफर अमुक दिवशी मरते, असं एकही कलम नाही. नाहीच! मग गुरुवार काय आणि रविवार काय. मादामना द्यायची प्रत आज पुरी करणं जास्त महत्त्वाचं.

२१ सप्टेंबर, रविवार.
सोनमला भेटून सांगितलं, की विचार चालू आहे. ती म्हणाली, जागा भरली. शफीकने गुरुवारी संध्याकाळी सही केली.
मी म्हटलं, कलम दाखव. तिने कॅलेंडर दाखवलं. एचआरवाल्यांशी कायदा बोलण्यात अर्थ नाही.
साजिदा रात्री जेवली नाही. रुकैया पुस्तक उघडं ठेवून नुसती बसली होती. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मादाम प्रत वाचतील तेव्हा या दोघीच पेढे वाटत फिरतील.

२ ऑक्टोबर, गुरुवार.
मादाम भेटल्या. स्पायरल बाइंडिंगची प्रत, वर माझं नाव ठळक. त्यांनी पानं उलटली. चांगल्या वागल्या, तेच जास्त लागलं.
करारांची कलमं २०१६ साली नव्याने लिहिली गेली म्हणे. बऱ्याच कलमांचे नंबर बदलले. ऑफरचंही कलम आलंय, मुदत संपली की ऑफर संपली. आणि हे सगळं फ्रेंच सरकारच्याच साइटवर इंग्रजीत आहे. फुकट.
मी म्हटलं, पण माझं इंग्रजी सोपं आहे. त्या म्हणाल्या, हो, सोपं आहे. निदान भाडेकरू तरी ठीक आहेत ना, असं विचारलं. तर तो चांगला कुटुंबप्रमुखही २०१४ला कायद्यातून काढून टाकलाय.
आभाराचा फ्रेंच शब्द ऐन वेळी आठवेना. शुक्रन म्हणून निघालो.

५ ऑक्टोबर, रविवार.
साजिदाने परस्पर शफीकला फोन केला. माझ्या मागे, माझ्यासाठी! शफीकला अल रय्यानला मदतनीस हवाच होता. रुकैयाची परीक्षा होईपर्यंतची तात्पुरती जागा. त्याच्या हाताखाली. नंबर तो ठरवणार, मी घालणार.
मेलमध्ये लिहिलंय, उत्तर उद्यापर्यंत. मी जिन्यातच उभा राहून ‘यस’ पाठवलं. कोड उघडला नाही.
रुकैयाने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पुस्तकात घातली. मी एसीचा फिल्टर काढला. इंचभर धूळ.
खाली स्टूल धरून उभ्या साजिदाला, काहीतरी बोलायचं म्हणून, त्या काढून टाकलेल्या कुटुंबप्रमुखाचं सांगितलं. तिने विचारलं, मग त्याच्या जागी काय घातलं?
म्हटलं, ‘समंजसपणे’ वागावं, एवढंच.
ती म्हणाली, ‘म्हणजे तिथेही तुमची जागा गेली.’