रेडिओवर हसनची आई

जेद्दा, जानेवारी १९९१

शाहिदभाई, तुला नि घरच्या सगळ्यांना सलाम.

मी बरा आहे. आईचा खोकला थांबला का?

माझ्या खोलीत हसन नावाचा तुर्क राहतो, मूळचा बल्गेरियाचा. तिथल्या कम्युनिस्ट सरकारने जबरदस्तीने त्याचं नाव बदलून 'असेन' असं बल्गेरियन केलं. तो देश सोडून तुर्कस्तानला निघाला, तेव्हा रेडिओवर त्याच्या आईला बोलायला लावलं, "असेन, जाऊ नकोस. तिकडे आपले लोक भीक मागतात."

हसन म्हणतो, "आईच्या तोंडून 'असेन' ऐकलं, तेव्हाच कळलं की तिच्या शेजारी पोलीस उभा आहे."

तो निघाला. आईची भेट नंतर झालीच नाही.

आता कुवेतच्या लढाईला भिऊन आपले कोकणातले कामगार घरी जायला निघालेत. काल मॅनेजरने मला बोलावून टेपरेकॉर्डर पुढे केला. "तुझ्या भाषेत सांग, इथे धोका नाही. गावी गेलात तर उपाशी मराल."

मी म्हणालो, "तुझं खोटं तूच बोल."

त्या माणसाची मला किळस येते, भाई. माझा पासपोर्ट त्याच्याच कपाटात आहे, नोकरी सोडून येताही येत नाही. त्याने लगेच माझी बदली दम्मामला केली. इराकची रॉकेटं तिकडेच पडताहेत.

हे आईला वाचून दाखवू नकोस. तिला सांग, पगार वाढला म्हणून गेला.

तुझा धाकटा,
हम्माद