महिषासुराचं भाषण

जव्हार. फाल्गुन व. ५
बोहाड्याचं, म्हणजे गावच्या मुखवट्यांच्या सोंगांचं, गद्य हातावेगळं झालं. आजवर देवी आणि महिषासुराची सोंगं मुकाट नाचत, बुवा बाजूला बसून जुन्या ओव्या गात. यंदा महिषासुर स्वतः बोलेल, देवीला जाब विचारेल. नाटकं बघून आलेल्यांना हेच हवंय, ओव्यांवर जांभया देतात मेले. बुवांना स्पष्ट सांगितलं, गाणं नको. ते तणतणत मोखाड्याला गेले. जाऊ देत.

व. ९
तालीम. महिषासुराचा मुखवटा सोमाच्या घरात पिढीजात. अक्षरशत्रू, पण ऐकलेलं विसरत नाही. "मला राक्षस केलं कुणी?" असा कडाडला की माझ्याच अंगावर काटा! देवी म्हणजे त्याचा मेहुणा लखमा. तो तालमीत तलवार धरत नाही. ती पुजल्यावर, सोंगाच्या दिवशीच हातात घ्यायची. बरं बाबा.

व. १२
सकाळी सोंगं निघाली. लखमाच्या अंगात वारं. सोमा बोलू लागला, गर्दी चिडीचूप. मी खुशीत. आणि तलवार खांद्यात. मानेपर्यंत. रक्ताची चिळकांडी पहिल्या रांगेवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या! मग बायकांनी हंबरडा फोडला. गड्यांनी लखमाला पाडून लाथांनी तुडवलं. मलाही दगड, कपाळ फुटलं.

व. १३
लखमाचं तोंड सुजून भोपळा. कसाबसा बोलला, "मुखवट्यातून काय दिसं नाय, गुरुजी. गाना सरला, संबळ थांबला का सोमा खाली बसं, मंग मी वरून तलवार फिरवू. काल गानाच नव्हता. संबळ थांबला, मना वाटला सोमा बसला."
संबळवाला का थांबला? माझं भाषण ऐकायला!
कुणी आधी बोललं का नाही? कारण गाण्याशिवाय सोंग कधी निघालंच नव्हतं, मग सुचणार कुणाला? सगळ्यांची मुंडकी आपटावीशी वाटतात. माझं पहिलं.

अमावास्या
बोहाड्याचा खर्च उचलणाऱ्या वकीलसाहेबांनी बोलावलं. वाटलं, चामडी सोलणार. तर पुढे विड्याचं तबक! "काय जिवंत प्रसंग, मास्तर! त्या रटाळ ओव्यांत आहे का ही धार? पुढल्या वर्षी हेच हवं." विडा त्यांच्याच ओसरीवर थुंकून आलो.

चैत्र शु. २
सोमाला ताप. जखम चिघळली, वास मारते. वैद्य नजरेला नजर देत नाहीत. सोमाची बायको मुसळ घेऊन माझ्या अंगावर धावली, "आजून जीव ऱ्हायलाय त्याचा, तो बी नेतोस का?" पहिला तडाखा कोपरावर बसला. चुकवला नाही.
आतून सोमाची हाक. "गुरुजी, माझा बोलना पुरा झाला का?"
म्हटलं, नाही.
"मंग ऱ्हायलेला सांग."
सांगत गेलो, तो पुटपुटत म्हणत गेला. डोळे लकाकत होते. त्याला आवडलं होतं माझं लिहिणं, मनापासून. शेवटच्या वाक्यात महिषासुर मरतो. त्याच्या अलीकडेच थांबलो.
"फुडं?"
नाही सांगितलं. तो वाट बघतोय.