आई पलीकडच्या काचेकडे निघाली

ताई,

धाकट्याचा नमस्कार. मी ठीक आहे. तुरुंगाच्या बेकरीत काम मिळालंय, त्यामुळे खाण्याचे हाल नाहीत.

काल आई भेटायला आली. दोन वर्षांनी. काचेपलीकडे एक वाळलेली, पांढऱ्या केसांची बाई येऊन बसली. मी फोन उचलून म्हणालो, "आजी, तुमचा माणूस पलीकडच्या काचेपाशी असेल."

ती बावरून उठली, पिशवी घेऊन खरंच तिकडे निघाली. मग परत आली, फोन कानाला लावला आणि म्हणाली, "अरे, मीच."

आवाज तोच गं, दर रविवारी फोनवर ऐकतो तो!

काय झालंय तिला? "आई ठणठणीत आहे" असं दर वेळी सांगतेस, ते कशाच्या जोरावर? मी कोंडलेला आहे, कुकुलं बाळ नाही. जेवते का ती? डॉक्टर काय म्हणतात? सगळं खरं लिही.

तिच्यापाशी मात्र विषय काढू नकोस. काचेवर ऊन चमकत होतं म्हणून ओळखलं नाही, असं मी तिला सांगितलंय.

त्या खोलीला एकही खिडकी नाही. तरी ती म्हणाली, "हो रे, माझ्याही डोळ्यांवर येत होतं."

तुझाच,
धाकटा